मिसिसिपी मॉडची चाचणी: खेळाडू काय म्हणाले आणि आम्ही काय बदललं (प्रकल्प नोंदी)

९ जानेवारी

खेळता येईल अशी पहिली आवृत्ती आज चाचणी गटाच्या हाती दिली. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या मध्ययुगीन घराण्यांच्या संगणक-खेळासाठी असा मॉड (म्हणजे मूळ खेळात खेळाडूंनीच केलेला बदल) करायला कुणी बसलं असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून इथून पुढच्या नोंदी जाहीर ठेवतोय. आधीच्या नोंदी नुसत्या फाइलींच्या याद्या होत्या, त्या गाळल्या.

कल्पना थोडक्यात अशी. ‘क्रुसेडर किंग्ज २’साठी ‘आफ्टर द एंड’ हा मॉड आला तेव्हापासून आम्हा तिघांच्या डोक्यात हे घोळतंय. त्यात साल २६६६ आहे, उत्तर अमेरिका कसल्याशा संकटानंतर मध्ययुगात जाऊन पडली आहे, राष्ट्रसंस्थापकांची देव म्हणून पूजा होते आणि सरदार एकमेकांच्या जमिनी बळकावतात. तो मॉड सबंध खंडाचा आहे. आम्ही एकच नदी घेतली: खालची मिसिसिपी, नॅचेझ शहरापासून समुद्रापर्यंत. आरंभवर्ष २७१०.

कारणही नदीच आहे. लुइझियानात जिथे रेड, मिसिसिपी आणि अचाफालाया या नद्या एकमेकींजवळ येतात, तिथे अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी ‘ओल्ड रिव्हर कंट्रोल’ नावाची दरवाज्यांची यंत्रणा उभारली. ती १९६३ पासून चालू आहे. तिथल्या एकूण पाण्यापैकी ३० टक्के अचाफालायात आणि ७० टक्के मिसिसिपीत, हे प्रमाण माणसं राखतात. त्यांनी हात काढला तर नदी अचाफालायाकडे वळेल, कारण त्या वाटेने समुद्र निम्म्याहून कमी अंतरावर आहे आणि उतारही जास्त. देखभाल थांबलेल्या जगात या नदीचं काय होईल, या प्रश्नावर मॉड उभा आहे.

१४ जानेवारी

पहिल्या प्रतिक्रिया सगळ्या मोडतोडीच्या. निम्म्या परगण्यांना नावंच नाहीत, नावाच्या जागी फाइलीतल्या खुणा दिसतात. मजकुराच्या फाइली यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायच्या एका पद्धतीत) होत्या, पण फाइलीच्या सुरुवातीला लागणारी खूण, बीओएम, लावलेली नव्हती. खेळ अशी फाइल वाचतच नाही. दुसरी तक्रार: नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात किल्ल्यांचा ढीग. नव्या प्रांतांच्या इमारतींना जागा नेमून दिली नाही की त्या सगळ्या शून्य-शून्यवर जाऊन बसतात. नकाशा संपादकातून त्या नव्याने बसवल्या.

दोन्ही गोष्टी एरर लॉगमध्ये, म्हणजे खेळ चुका नोंदवतो त्या फाइलीत, पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या होत्या. आता नियम केलाय: एरर लॉग स्वच्छ झाल्याशिवाय कुणालाही आवृत्ती द्यायची नाही. चाचणी करणाऱ्या माणसाचा उत्साह पहिल्या तासात सगळ्यात जास्त असतो. तो आमच्या गाळलेल्या फाइली शोधण्यात खर्च झाला आणि तो तास परत मिळत नाही.

२१ जानेवारी

आता खऱ्या प्रतिक्रिया यायला लागल्या. सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार: “न्यू ऑर्लिन्सचा विकास इतका कमी का? हा बग आहे.”

बग नाही, मुद्दाम ठेवलंय. आमच्या नकाशात शहराखालचं पात्र मंदावलेलं आहे, गाळाने भरत चाललंय. गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की समुद्राचं खारं पाणी तळातून वर सरकतं. २०२३ च्या शरद ऋतूत नदी नीचांकी वाहत होती तेव्हा हेच झालं होतं. शहराच्या पिण्याच्या पाण्यालाच धोका निर्माण झाला आणि अभियंत्यांना नदीच्या तळाशी बांध घालावा लागला. आमच्या २७१० मध्ये तसा बांध घालणारं कुणी नाही.

पण खेळाडूला हे कसं कळणार? त्याला दिसतो फक्त विकासाचा एक लहान आकडा. मोठ्या शहराला लहान आकडा, म्हणजे मॉड करणाऱ्याने काहीतरी विसरलं, असंच कुणीही धरून चालेल. आमच्यापैकी एकाचं म्हणणं होतं की मॉडच्या वर्णनात खुलासा लिहू. मी विरोध केला. वर्णन वाचून कुणी खेळत नाही.

उपाय खेळाच्या आतच केला. न्यू ऑर्लिन्सचा सरदार म्हणून सुरुवात केली की पहिल्या वर्षात एक प्रसंग येतो: धक्क्याच्या पायऱ्या चिखलात गाडल्या गेल्यात, विहिरींचं पाणी खारट आहे, श्रीमंतांच्या घरी पावसाच्या टाक्या आहेत आणि गरीब ते पाणी विकत घेतात. तीन पर्याय दिलेत, तिन्ही महाग. प्रांतावर एक कायमची खूणही लावली, तिच्यावर कर्सर नेला की ‘खारं पात्र’ असं दिसतं.

आकडा तोच राहिला आणि तक्रारी थांबल्या. त्याऐवजी “टाक्यांचा खर्च कमी करा” अशी मागणी येऊ लागली. मला ती फार आवडली. ती तक्रार शहराच्या कारभाऱ्याची आहे.

२ फेब्रुवारी

आज एका खेळाडूचं लांबलचक पत्र आलं. तो स्वतः पाण्याच्या बांधकामांवर काम करतो. त्याने आमच्या मॉडचा पायाच उपटला आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

पहिल्या आवृत्तीत मिसिसिपीचं पाणी मंदावलं असलं तरी ओल्ड रिव्हरचे दरवाजे २७१० मध्येही उभे होते. त्यांची राखण करणारा ‘द्वारपाल’ नावाचा पंथ होता आणि दरवाजे पडले की नदी वळणार, असा सगळा ताण आम्ही रचला होता. त्याने १९७३ च्या पुराची आठवण करून दिली. तेव्हा मुख्य बांधकाम फक्त दहा वर्षांचं होतं, देखभालीला माणसं होती, पैसा होता. तरीही पाण्याने पायाखाली मोठं विवर खणलं आणि बाजूची एक भिंत कोसळली. जोर विभागायला पुढे १९८६ मध्ये साहाय्यक बांधकाम जोडावं लागलं. “आणि तुम्ही म्हणता,” त्याने लिहिलंय, “की हेच बांधकाम शतकानुशतकं मंत्र म्हणणाऱ्या लोकांनी टिकवलं?”

आमच्या गटात दोन मतं पडली. एक मत असं की हा खेळ आहे, इथे घोडेस्वार राष्ट्रसंस्थापकांच्या नावाने लढतात, मग काँक्रीटच्या आयुष्याचा हिशेब कशाला? मला ते पटत नाही. अशा मॉडमध्ये माणसांनी काहीही मानावं, त्यांच्या श्रद्धेला मर्यादा नको. पण नदीने नदीसारखंच वागायला हवं. वाचणाऱ्याचा विश्वास जमिनीवर आणि पाण्यावर बसला की तो पंथांवर आपोआप बसतो.

ठरलं: २७१० च्या कितीतरी आधी नदी वळलेली आहे. दरवाजे पडलेत, गाळात गाडले गेलेत. द्वारपाल ज्याची राखण करतात ते भग्नावशेष आहेत.

म्हणजे नकाशा नव्याने काढायचा. आधीचं जवळजवळ महिनाभराचं काम गेलं.

११ फेब्रुवारी

नदी हलवण्याचं काम, ज्यांना असलंच काही करायचंय त्यांच्यासाठी जरा तपशिलात.

खेळात नद्या दोन प्रकारच्या. बारीक नद्या एका वेगळ्या चित्रात काढायच्या असतात. ते चित्र ठरावीक रंगपटाचंच हवं: उगमाला हिरवा ठिपका, दुसरी नदी मिळते तिथे लाल, फाटा फुटतो तिथे पिवळा, रुंदीप्रमाणे निळ्या छटा. रेघ एकाच ठिपक्याच्या जाडीची आणि तिरकी उडी चालत नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या चित्रसंपादकाने फाइल साठवताना रंगपट काढून टाकला आणि साध्या रंगीत चित्रात बदल केला. डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. खेळ सुरू केला तर नकाशावर एकही नदी नाही. हे सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. साठवल्यावर फाइलीचा प्रकार तपासा, चित्राकडे बघून समाधान मानू नका.

मोठ्या नद्या मात्र प्रांत म्हणून रंगवाव्या लागतात आणि नकाशाच्या मुख्य फाइलीत त्यांची ‘नदी प्रांत’ म्हणून नोंद करावी लागते. अचाफालाया आता मोठी नदी झाली, तर जुन्या मिसिसिपीचा खालचा भाग बारीक नदी. प्रांतांच्या चित्रात मऊ कडांचा ब्रश वापरला की दोन रंगांच्या मध्ये तिसराच रंग तयार होतो आणि खेळ त्याला अनोळखी प्रांत समजतो. कडक कडांची पेन्सिलच वापरायची. प्रांतांच्या यादीतले क्रमांक सलग हवेत. मधलाच प्रांत काढून टाकला तर पुढचं सगळं घसरतं. आम्ही काढलेल्या प्रांतांचे क्रमांक नव्यांना दिले. ते सोपं पडलं, पण त्यामुळे जुने सेव्ह (खेळाडूंनी साठवलेले डाव) निकामी झाले.

सेव्ह निकामी होणार हे आधी सांगितलं नव्हतं. त्यावर आलेल्या प्रतिक्रिया तिखट होत्या आणि योग्य होत्या. एका बाईंनी एकाच घराण्याच्या नऊ पिढ्या खेळल्या होत्या. त्यांना जुनी आवृत्ती वेगळी काढून दिली, तेवढंच करता आलं. यापुढे नकाशाला हात लावणारी प्रत्येक आवृत्ती वेगळ्या नावाने निघेल.

२४ फेब्रुवारी

द्वारपालांबद्दलच्या प्रतिक्रिया. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला तो वाया गेला असं वाटत नाही.

लोक हसले. हसणं अपेक्षित होतं, पण ते हसून निघून गेले. त्यांनी पाठवलेल्या सेव्हमधून हे स्पष्ट दिसतं: पंथाची चित्रं टिपून मित्रांना पाठवायची, दोन पिढ्यांनंतर सोयीच्या लग्नासाठी धर्म बदलायचा, आणि विषय संपला.

‘आफ्टर द एंड’मध्ये माझा अनुभव उलटा होता. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांची देव म्हणून पूजा पहिल्यांदा बघितली तेव्हा मीही हसलो होतो. काही तासांनी माझा राजा त्याच देवांसाठी लढाईत मुलगा गमावून बसला आणि मी खुर्चीत पुढे सरकून सूडाची मोहीम आखत होतो. त्या जगातल्या एकाही माणसाला आपली श्रद्धा विनोदी वाटत नाही, हे त्या मॉडने कधी सोडलं नाही. बाहेरच्याला दिसणारा विनोद आतल्या माणसाच्या कानावरही पडत नाही.

आमच्या मजकुरात मात्र आतल्या माणसालाच विनोद ठाऊक होता. मुख्य पुजाऱ्याची पदवी ‘सुपरवायझर’. सणाचं नाव ‘त्रैमासिक तपासणी’. लिहिताना मजा आली होती, पण प्रत्येक शब्दातून लेखक वाचकाला डोळा मारत होता. तसं असेल तर खेळाडू तरी ते गंभीरपणे का घेईल?

बदल असे केले. पदवी ‘राखणदार’ झाली. तपासणीचा सण गेला. त्याऐवजी ओल्ड रिव्हरच्या मुख्य बांधकामाला जे ११ दरवाजे आहेत, त्या अकरांची गणना हा पंथाचा गाभा केला. मूल बोलायला लागलं की आजी त्याला गणना शिकवते. पुराच्या रात्री घराघरातून ती म्हटली जाते. मरणाऱ्याच्या कानात अकरावा आकडा सांगायचा नसतो, तो त्याने स्वतः म्हणायचा. दरवाजे म्हणजे काय हे कुणालाच नीट माहीत नाही. एकही शब्द हसवण्यासाठी लिहिला नाही.

पंथाला खेळाच्या नियमाप्रमाणे तीन तत्त्वं द्यावी लागतात. आधी आम्ही लढाऊ तत्त्वं दिली होती, लोक निवडतील म्हणून. ती काढून पूर्वजपूजा, तीर्थयात्रा आणि संन्यास यांच्या जवळची घेतली. ताकद कमी झाली. एका सहकाऱ्याला अजूनही वाटतं की त्यामुळे हा पंथ कुणी घेणार नाही.

३ मार्च

नव्या आवृत्तीवरचे अभिप्राय आले. हसणारे अजून आहेत. पण एका खेळाडूने लिहिलंय की त्याचा म्हातारा सरदार मेला तेव्हा वारसाच्या पडद्यावर जाण्याआधी त्याने आकडे मोठ्याने म्हटले. दुसऱ्याने आपल्या मुलांना जन्मक्रमाने दरवाज्यांचे आकडे टोपणनाव म्हणून दिलेत आणि सातव्यावर घराणं थांबलं म्हणून तो हळहळतोय. या दोघांना आपलं घराणं बलवान करायला जमलं नाही, पण त्यांनी धर्म बदलला नाही.

सहकाऱ्याची शंका रास्त होती, तरी तत्त्वं तीच ठेवतोय.

१२ मार्च

“संकट नेमकं काय होतं?” ही मागणी थांबत नाही. अणुयुद्ध, साथ, सूर्याचा उद्रेक, प्रत्येकाचा एक सिद्धांत. आम्ही एक प्रयोग केला: एका पडक्या तळघरात जुनी रोजनिशी सापडते असा प्रसंग लिहिला, त्यात दोन-तीन ओळींचा इशारा.

पुढचे सगळे अभिप्राय त्या दोन-तीन ओळींवर. तारखा जुळतात का, साथ असेल तर अमुक शहर का टिकलं, रोजनिशी लिहिणारा खरं बोलतोय का. नदीबद्दल, पंथाबद्दल, राज्यांबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. एकाने तर उत्तर मिळालं म्हणून खेळणं थांबवलं.

‘आफ्टर द एंड’नेही आपलं संकट उघड केलेलं नाही, नुसती ‘घटना’ म्हणून सोडून दिलंय. मला वाटायचं की ती लेखकांची सोय असेल. आता कारण दिसतं. उत्तर नसतं तेव्हा खेळाडू आपलं उत्तर त्या जगातल्या खुणांवरून शोधतो, म्हणजे त्या जगात राहतो. उत्तर दिलं की तो परीक्षक होतो.

रोजनिशी काढली. तिच्या जागी प्रत्येक पंथाची आपापली कथा आहे आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. द्वारपाल म्हणतात, बारावा दरवाजा होता, तो कुणीतरी उघडा ठेवला. मागणी अजून येते, येऊ दे.

१९ मार्च

खेळ निरीक्षणावर टाकून रात्रभर चालू ठेवला, कुणीही न खेळता. सकाळी द्वारपाल नकाशावर नव्हते. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. एकच परगणा, दोन बाजूंना मोठे शेजारी, दोघांच्या लेखी हा पंथ ‘शत्रू’. खेळात त्या पायरीवर धर्मयुद्ध पुकारता येतं आणि संगणकाला एक परगण्याचा धर्मयुद्धातला सोपा घास सोडता येत नाही.

पहिला उपाय म्हणून मोठी फौज दिली. मग तेच शेजाऱ्यांना खाऊ लागले आणि भग्नावशेषांची राखण करणारे भाविक डेल्टाचे सम्राट झाले. दोन चाचण्यांनंतर हा उपाय सोडून दिला.

टिकलेला उपाय: शेजारच्या नदीपूजक पंथांना आणि द्वारपालांना एकाच धर्माच्या शाखा केलं. मग एकमेकांच्या नजरेत ते ‘शत्रू’ न राहता ‘वाट चुकलेले’ होतात आणि त्या पायरीवर धर्मयुद्ध लागू होत नाही. जमिनीच्या हक्कासाठी अजूनही हल्ला होऊ शकतो, व्हायलाच हवा. आता शंभर वर्षांनंतर साधारण निम्म्या वेळा पंथ जिवंत असतो. मला हे प्रमाण योग्य वाटतं.

२ एप्रिल

आजची प्रतिक्रिया मला मनापासून लागली. लुइझियानातल्या एका खेळाडूने विचारलं: अचाफालायाचं खोरं तुम्ही रिकामं का ठेवलंय? तिथे मूळ निवासी चिटिमाचा लोक आहेत. आजही आहेत, चॅरेंटनजवळ त्यांची मान्यताप्राप्त वस्ती आहे. तुमच्या संकटातून न्यू ऑर्लिन्सचे सरदार वाचले, टेक्सासहून आलेल्या टोळ्या वाचल्या, आणि हजारो वर्षं या दलदलीत राहिलेले लोक तेवढे नाहीसे झाले?

नकाशात त्या जागी आम्ही ‘ओसाड’ लिहिलं होतं. दलदल म्हणजे निर्जन, असं आम्ही धरून चाललो. शहरं कोसळल्यावर त्या खोऱ्यात कुणाला टिकता येईल याचा विचार केला असता तर पहिलं नाव त्यांचंच आलं असतं.

काम मोठं निघालं. ओसाड प्रांत काढून तिथे चार परगणे केले, संस्कृती नव्याने लिहिली. नदीकाठच्या वेताच्या त्यांच्या दुहेरी विणीच्या टोपल्या प्रसिद्ध आहेत. कारागिरीचा वारसा म्हणून ते घेतलं. दलदलीत लढण्याचा फायदा दिला. नावांची यादी मात्र अडली. या भाषेचे शेवटचे अस्खलित बोलणारे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गेले आणि पुढे नोंदींवरून जमातीने स्वतः ती पुन्हा शिकवायला घेतली. अशा भाषेतली नावं कानाला बरी वाटतील तशी रचणं मला मान्य नाही. तोवर त्या सरदारांना आज त्या भागात चालणारी फ्रेंच वळणाची साधी नावं ठेवली आहेत आणि मॉडमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

दोन जणांनी आक्षेप घेतला की यामुळे मॉड ‘राजकीय’ झाला. नदी कुणाच्या अंगणातून वाहते हा सरंजामी खेळातला पहिला प्रश्न आहे. बदल राहणार.

या बदलाने एक अडचण मात्र आपसूक सुटली. नदी तिकडे वळल्यामुळे अचाफालायाच्या मुखाशी नवी जमीन तयार होते. हे आजही दिसतं: वॅक्स लेकजवळ १९४१ मध्ये पाणी सोडायला कालवा खणला, आणि तिथल्या उथळ उपसागरात १९७३ च्या पुरानंतर चक्क नवा त्रिभुज प्रदेश पाण्याबाहेर आला. आमच्या खेळात त्या नव्या जमिनीवर दावा सांगायला आधी कुणीच नव्हतं. आता आहे.

१५ एप्रिल

पुराचा प्रसंग दर वसंतात यायचा. पहिल्या तीन वेळा लोक वाचत, नंतर नुसतं बटण दाबत. एकाने सरळ लिहिलं, “पूर म्हणजे आता जाहिरात झाली आहे.” वर्षाच्या ठोक्यावरून काढून तो दुर्मीळ केला, एकदा आला की पुढची वीस वर्षं नाही. पण आला की तिजोरी, पिकं, दोन-तीन माणसं घेऊन जातो. आता लोक त्याची वाट बघतात आणि घाबरतात. खर्च: एक ओळ बदलणं.

२८ एप्रिल

नदी परत आणण्याचा निर्णय काही आठवड्यांपूर्वी खेळात घातला. द्वारपालांचा राजा पुरेसा मोठा झाला, ओल्ड रिव्हरचा परगणा आणि न्यू ऑर्लिन्स दोन्ही त्याच्या हाती असले तर तो जुनं पात्र उपसायला घेऊ शकतो. सोनं अफाट लागतं, काम एका राजाच्या आयुष्यात बहुधा पुरं होत नाही, वारसाने नकार दिला तर खणलेलं पुन्हा भरतं.

आम्हाला वाटलं होतं की हाच मॉडचा विजय ठरेल. प्रतिक्रिया दुभंगल्या. न्यू ऑर्लिन्सकडून खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतलं. अचाफालायाकडून खेळणारे भडकले, कारण त्यांची नदी कुणीतरी दूरवर एक बटण दाबून घेऊन जातो आणि त्यांना एका सूचनेने कळतं. अचाफालायाकाठच्या मॉर्गन सिटीचा सरदार असलेल्या एकाने तीन पिढ्या पुरातून घाट बांधले होते. त्याचं म्हणणं: “मला लढायची संधी तरी द्या.”

बरोबर आहे. आता खोदकाम सुरू होताच खोऱ्यातल्या प्रत्येक सरदाराला युद्धाचं कारण मिळतं: खोदकाम थांबवणं. चिटिमाचा परगणे, मॉर्गन सिटी, नव्या त्रिभुजाचे वसाहतवाले, जे एरवी एकमेकांची तोंडं बघत नाहीत, ते एका बाजूला उभे राहू शकतात. लिहायला दोन आठवडे लागले. बहुतेक वेळ संगणकाच्या सरदारांना हे युद्ध आपल्या फायद्याचं आहे हे पटवण्यात गेला. त्यांच्या हिशेबात नदी नाहीच, फक्त फौजा आणि सोनं आहे. शेवटी खोदकाम चालू असेपर्यंत त्या प्रांतांच्या उत्पन्नातून दर वर्षी थोडं कापलं. मग ते उठले.

आता आलेल्या सेव्हमध्ये नदी परत गेल्याची उदाहरणं मोजकी आहेत. हाणून पाडल्याची जास्त. एका सेव्हमध्ये द्वारपालांच्या राणीने खोदकाम स्वतःच थांबवलंय. खेळाडूने कारण लिहिलं: तिची सून खोऱ्यातली होती.

१० मे

खेळाचा नवा पॅच (मूळ खेळ बनवणाऱ्यांची सुधारित आवृत्ती) आला आणि संस्कृतीच्या फाइली मोडल्या. दुरुस्ती एका संध्याकाळची, पण कुठे मोडलंय हे शोधण्यात त्याहून जास्त वेळ गेला. पॅच आला की मूळ खेळाच्या फाइलींची जुनी-नवी प्रत शेजारी ठेवून फरक काढा, मगच आपल्या फाइली उघडा.

अभिप्राय कसे वाचायचे हे काहींनी विचारलं म्हणून आमची सध्याची पद्धत. माणूस काय मागतोय ते एका रकान्यात, तो कुठे अडखळला ते दुसऱ्यात. मागणी बहुतेक वेळा आम्ही जशीच्या तशी करत नाही. अडखळण्याची जागा मात्र जवळजवळ नेहमी खरी निघते. न्यू ऑर्लिन्सचा आकडा वाढवला नाही, पण तिथे काहीतरी सांगायचं राहिलं होतं. सेव्ह फाइल शक्य तिथे मागून घ्या. अभिप्रायात लोक आवडलेल्या-नावडलेल्या गोष्टी लिहितात, सेव्हमध्ये ते कुणासाठी लढले ते दिसतं. फक्त पाठवणाऱ्याला आधी सांगा की तुम्ही ती उघडून बघणार आहात.

पुढची कामं: चिटिमाचा नावांसाठी जमातीच्या सांस्कृतिक विभागाला पत्र लिहून परवानगी विचारली आहे, उत्तर येईपर्यंत यादीला हात लावायचा नाही. जुन्या मिसिसिपीकाठच्या बॅटन रूजच्या सरदाराची सुरुवात अजून फिकी आहे, त्याच्या शहराला नदी गेल्याचं दुःख आणि पुरातून सुटल्याचा आनंद दोन्ही हवेत. आणि खोदकामाच्या युद्धात हरलेल्या बाजूची माणसं सध्या तशीच्या तशी घरी जातात. त्यांच्यासाठी तहाच्या अटी लिहायला उद्या बसतोय.